ईएमआयचा बेड नको, मापाचा पलंग करून घ्या

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. यजमान ४४ वर्षांचे, दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवायचे. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारताना खाली पडले. मणक्याला मार लागला आणि कमरेखालची ताकद व संवेदना गेली. व्हीलचेअर मिळाली आहे, पण झोपणं अजून जमिनीवरच्या गादीवर. दिवसातून चार-पाच वेळा त्यांना उचलून ताईंची कंबर धरली आहे. घरात ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. कर्ज तीन ठिकाणचं: मायक्रोफायनान्स, बचत गट आणि एक खासगी सावकार. एक फर्निचरवाला ३२ हजारांचा बेड-कपाटाचा सेट 'शून्य व्याजावर' १२ हप्त्यांत द्यायला तयार आहे. घ्यावा का?

ताई, घेऊ नका. हप्ता झेपणार नाही हे एक कारण, पण तो बेड तुमच्या कामाचाच नाही हे त्याहून मोठं.

आधी हप्त्याचं पाहू. दुकानात जाऊन फक्त विचारा, 'रोख दिले तर केवढ्याला?' समजा तो २८ हजार म्हणाला. म्हणजे ४ हजार हे व्याजच आहे, ते किमतीत घातलंय एवढंच. २८ हजारांवर महिना २,६६७ प्रमाणे १२ हप्ते म्हणजे वर्षाला २५ टक्क्यांच्या आसपास व्याज झालं. वर प्रोसेसिंग फी वेगळी. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात. म्हणजे ते सुरू झाले तरी सगळे या एका हप्त्यात जातील आणि वर १६७ रुपये तुमच्या शिवणकामाच्या पैशांतून घालावे लागतील.

आता बेड. दुकानातला बॉक्स बेड, म्हणजे खाली सामान ठेवायचा दिवाण, व्हीलचेअरवाल्या माणसाला अडचणीचा. खुर्ची पलंगाला भिडवताना तिचे पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, पलंगाखाली जावे लागतात. बॉक्स बेडच्या खाली फळी असते, त्यामुळे खुर्ची फूटभर लांबच राहते आणि माणूस मधल्या फटीत घसरतो. शिवाय या बेडवर सहा-आठ इंची गादी टाकली की उंची खुर्चीपेक्षा सहज तीन-चार इंच वर जाते. उतरताना काही वाटत नाही, चढताना मात्र पूर्ण वजन पुन्हा तुमच्या कमरेवर. म्हणजे ३२ हजार घालवून त्रास तोच.

तुम्हाला हवाय तो लोखंडी कॉट, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट एकच: त्याची उंची. यजमानांना व्हीलचेअरवर उशीसकट बसवा. त्यांच्या वजनाने उशी दबलेली असताना जमिनीपासून उशीच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा. बहुतेक खुर्च्यांत हे माप १९ ते २१ इंच येतं. समजा २० आलं. पलंगाचा माथाही, गादी दबल्यावर, २० इंचांवरच यायला हवा. आता उलटं मोजत खाली या. चार इंची गादी बसल्यावर साडेतीन इंच राहते. तिच्याखाली १८ मिमीचं प्लायवूड म्हणजे पाऊण इंच. २० मधून सव्वाचार वजा केले की पावणेसोळा. लोखंडी फ्रेमचा वरचा माथा जमिनीपासून पावणेसोळा इंच, त्यात पायांच्या रबरी बुशांची जाडीही धरलेली. हे माप कागदावर लिहून फॅब्रिकेटरच्या हातात द्या. तोंडी सांगितलं तर तो 'नेहमीच्या मापाने' १८ इंची करून ठेवतो. मग गादी टाकल्यावर पलंग २२ च्या वर जातो आणि पाय कापायला पुन्हा टेम्पोभाडं पडतं.

शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगची लहान-मोठी वर्कशॉप भरपूर आहेत, दोन-तीन ठिकाणी दर विचारा. काम किलोवर चालतं, तेव्हा दर मजुरीसकट आहे का ते स्पष्ट करून घ्या. ६ बाय ३ फुटांच्या कॉटला एक इंची चौकोनी पाइपच्या, १६ गेजच्या, २० फुटी तीन लांब्या लागतात: वरची चौकट १८ फूट, चार आडव्या पट्ट्या १२ फूट, पाय ५ फूट, खालचे ताण, म्हणजे पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, १२ फूट. उरलेल्या १३ फुटांत धरायचा दांडा आणि जेवणाच्या टेबलाची फ्रेम निघते. फसवणूक होते ती गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीत; गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. १६ गेजची २० फुटी लांबी वजनकाट्यावर सात किलोच्या वर भरते, १८ गेजची साडेपाचच्या आसपास. रंग लावल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पाइप कापायच्या आधी काट्यावर टाकायला सांगा. १८ गेजचा पलंग लगेच मोडत नाही, पण सरकताना रोज एकाच कडेवर वजन पडतं आणि वर्ष-दीड वर्षात ती कड वाकते.

ज्या बाजूने व्हीलचेअर लागणार, त्या बाजूला दोन पायांमध्ये खालून आडवा ताण नको. तोही पायट्यांना अडतो. बाकी तीन बाजूंना असू द्या. एका बाजूला ताण नसल्यामुळे पलंग हलतो, म्हणून त्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांत तीन इंची त्रिकोणी पत्रा आतून पूर्ण वेल्ड करून घ्या. नुसत्या टॅकवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डवर, भागवू देऊ नका. कमरेच्या जरा वर, गादीपासून दहा-बारा इंच उंच, एक उभा वाकवलेला दांडा फ्रेमलाच जोडून घ्या. कुशीवर वळायला आणि उठून बसायला त्याचा आधार होतो. दांडा आणि गादी यांच्यात फट ठेवू नका, हात किंवा डोकं अडकतं. दुसरी बाजू भिंतीला लावा. व्हीलचेअरच्या बाजूला निदान तीन फूट जागा हवी, फिरवायला पाच फूट मिळाली तर उत्तम. आधी जमिनीवर खडूने आखून पाहा. पलंग आत आला आणि खुर्ची वळेना, असं दोन खोल्यांच्या घरात हमखास होतं.

आणखी एक, आणि हे फॅब्रिकेटरला सुचणार नाही. यजमानांना पायांना लागलेलं कळत नाही. वेल्डिंगचा एखादा खडा, प्लायचं कुसळ, वर आलेला स्क्रू यांनी कातडी सोलते आणि रात्री चादरीवर रक्त दिसेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. म्हणून सगळे जोड ग्राइंडरने घासून घ्या, पाइपची उघडी तोंडं बंद करा आणि प्लायचे स्क्रू आत बुडवा. घरी आल्यावर जुनी सुती ओढणी सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे पुन्हा घासायचं. मग रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात.

प्लायची ८ बाय ४ ची शीट घ्यावी लागते. ती कापताना आधी लांबीत तीन फूट रुंद पट्टा काढा, त्यातून ६ बाय ३ चा पलंगाचा तुकडा. उरतात ३ बाय २ चा एक तुकडा आणि एक फूट रुंद, आठ फूट लांब पट्टी. सुताराला ते तुकडे ठेवून घेऊ देऊ नका. ३ बाय २ मधून पलंगावर सरकवायचं जेवणाचं टेबल होतं. पट्टीतून २८ इंच लांब, ९ इंच रुंद तुकडा काढून त्याच्या दोन्ही टोकांना उतार द्या, पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. ही सरकायची फळी. एक टोक त्यांच्या मांडीखाली, एक पलंगावर, खुर्चीचे ब्रेक लावलेले, पलंगाकडचा हात-टेका काढलेला. हातांच्या जोरावर त्यांना स्वतःलाच चार-चार इंच सरकता येतं. उघड्या अंगाने कधी सरकवू नका, फळीला कातडी चिकटून फाटते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, मग तुम्हाला उचलायचं कामच उरणार नाही.

लोखंड, प्लाय, मजुरी आणि गादी मिळून हे साधारण आठ-नऊ हजारांच्या घरात बसतं. लोखंडाचा भाव हलला की आकडाही हलतो.

जुना पलंग स्वस्तात मिळाला तर तोही चालेल. मे-जूनमध्ये नोकरदारांच्या बदल्या होतात, मुलं रूम सोडतात, तेव्हा लोखंडी कॉट निघतात. दसरा-दिवाळीच्या आधीही घरं रिकामी होतात. उंची कमी असेल तर पायांखाली विटा लावू नका, सरकताना पलंग त्यांवरून निसटतो. पायाच्या बाहेरून बसेल अशा जाड पाइपची टोपी वेल्ड करून घ्या. लाकडी किंवा पार्टिकल बोर्डची वस्तू मात्र कोल्हापुरात पारखूनच घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेलं फर्निचर रंग देऊन विकायला ठेवलेलं असू शकतं. खालच्या दीड-दोन फुटांत बोर्ड फुगलेलं, लॅमिनेटची कड सुटलेली, कपाटाच्या तळाला आतून गंज, ड्रॉवर उघडताना घासणारा, यांपैकी एक जरी दिसलं तरी सोडून द्या. लोखंडी कॉटच्या जोडांत मोबाइलची बॅटरी मारून बघा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. उकळतं पाणी जोडांत ओतून दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय घरात आणू नका. जुनी गादी फुकट मिळाली तरी नको.

गादीवर काटकसर करू नका. पिंजाऱ्याकडची कापसाची गादी सहा महिन्यांत गोळे धरते आणि ते गोळे नेमके माकडहाडाखाली येतात. खाली कॉयर (काथ्या), वर निदान दोन इंच चांगल्या घनतेचा फोम, एकूण चार इंच, असं घ्या. ते झोपलेले असताना कमरेच्या मागच्या हाडाखाली, गादी आणि प्लायच्या मध्ये तळहात घाला. हाड हाताला जाणवलं तर गादी फुकट आहे. तिथे लालसर डाग दिसत असेल आणि दाबून सोडल्यावरही तो पांढरा पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली आहे. मग डॉक्टरांना दाखवाच, आणि फुग्यांची एअर बेड गादीवर घाला. तिचा पंप सतत चालू लागतो. लाइट गेली की काही तासांत हवा उतरते, म्हणून तिच्याखालची गादी काढू नका. एअर बेड घातल्यावर पलंगाची उंची वाढते, तेव्हा ती घ्यायची आधीच ठरली असेल तर फ्रेमचं माप त्या हिशेबाने कमी करा. कोणतीही गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही.

दुसरी वस्तू कमोड खुर्ची. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून वापरतात, ते करू नका. बसणाऱ्याचं वजन एका बाजूला गेलं की ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात, आणि कापलेली कड चाकूसारखी असते. चाकांची खुर्ची घेतलीत तर चारही चाकांना ब्रेक हवेत. साध्या लोखंडाची बाथरूममध्ये दोन पावसाळ्यांत गंजते, स्टेनलेस किंवा पावडर कोटिंगची बघा. यजमानांसाठी सीट मऊ हवी आणि त्यावर दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसवू नका.

ही खुर्ची विकत घेण्याआधी फुकट मिळते का बघा. पेठांतल्या तालमी, मंडळं, रोटरी-लायन्स क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ यांतले काहीजण कमोड खुर्ची, वॉकर, फाउलर बेड (हँडल फिरवून वर-खाली करायचा दवाखान्यातला पलंग) डिपॉझिटवर देतात. विचारताना 'रुग्णोपयोगी साहित्य मिळेल का' असं विचारा. दिव्यांगांसाठी काम करणारी उचगावची 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्थाही जवळ आहे. फाउलर बेड आणायचा असेल तर दाराची रुंदी आधी मोजा आणि हँडल फिरवून बघा. आटे झिजलेला बेड वर जातो, पण वजन पडलं की हळूहळू खाली बसतो. सासूबाई ६५ च्या पुढे आहेत. कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत त्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात, त्यांच्या कमोड खुर्चीसाठी किंवा वॉकरसाठी. ६० वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजनाही आहे, तीत पैसे नाहीत, वस्तूच मिळते.

यजमानांच्या कागदांत पहिला यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, स्वावलंबन कार्ड. अर्ज ऑनलाइन, तपासणी सीपीआर या सरकारी रुग्णालयात. ४० टक्के आणि वरच्या अपंगत्वावर बाकीचं सगळं उघडतं. संजय गांधी योजनेसाठी दिव्यांगांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कचेरीत, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. व्हीलचेअरची उशी वगैरे साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. महिना उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन मोफत. पलंग मात्र साधनांत धरत नाहीत, त्यामुळे त्याची आशा तिथे ठेवू नका. बावडा महापालिकेत येतो. प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तेव्हा महापालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निधी आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दिलेला अर्ज मार्चमध्ये दिलेल्यापेक्षा केव्हाही बरा. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज व्यवसायासाठी असतं, फर्निचरसाठी ते मागू नका.

आता एक काम आजच करा. यजमानांचं पासबुक काढा आणि मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. खातं उघडताना बँकेत सही घेतात आणि माणूस विसरून जातो. अपघाताने दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर या योजनेत २ लाख रुपये मिळतात, आणि कौलांवरून पडणं हा अपघातच आहे. ज्या दिवशी पडले तो दिवस त्या वर्षाच्या विम्यात बसायला हवा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मे मध्ये पडले असतील तर आदल्या वर्षीच्या मे मधली नोंद शोधा. दावा त्याच बँकेत द्यायचा, सोबत दवाखान्याचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र. मुदत ३० दिवसांची आहे. उलटून गेली असली तरी उशिराचं कारण लिहून अर्ज द्या आणि नाकारलं तर लेखी मागा. मायक्रोफायनान्सच्या कर्जकार्डावरही विम्याचा हप्ता कापलाय का पाहा. बहुतेक पॉलिसी मृत्यूपुरत्या असतात, काहींत कायम अपंगत्वही असतं.

कर्जाचं पान वहीत एकच करा: कुणाचं, किती बाकी, महिन्याला किती, जामीन कोण. घरभाडं, लाइट, औषधं आणि लघवीची नळी-पिशवी यांचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरेल ते वाटायचं.

मायक्रोफायनान्सला लेखी कळवा की कमावता माणूस अंथरुणाला आहे, हप्ता कमी करून मुदत वाढवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जात असतील, तर तुम्हाला नवं कर्ज देताच येत नाही. जुनं फेडायला नवं घ्या असं कुणी सुचवलं तर हा नियम सांगा. वसुलीवाले सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ शकत नाहीत. आले तर आधी कंपनीकडे तक्रार, ३० दिवसांत दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फोन १४४४८. बचत गटात मात्र नियम दाखवू नका. बैठकीत उभ्या राहून परिस्थिती सांगा आणि मुद्दल सहा महिने थांबवून फक्त व्याज घ्यायचा ठराव मागा. शेजारच्याच बायका आहेत, उद्या लागतीलच.

सावकाराचं वेगळं. त्याचं व्याज शेकडा ५ महिन्याला, म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ खाली परवानाधारकालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि परवाना नसताना सावकारी करणं गुन्हाच आहे. आतापर्यंत दिलेल्या पैशांची तारीखवार यादी करा, मोबाइलवरून पाठवलेल्यांचे स्क्रीनशॉट काढा, कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली असेल तर तेही लिहा. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. एकट्या जाऊ नका. दिव्यांग व्यक्तीला आणि स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बावड्यातल्याच न्याय संकुलात विचारा, किंवा १५१०० वर फोन करा.

राहिली भीती की पलंग केला आणि उद्या कुणी उचलून नेला तर? विनातारण कर्जासाठी कोर्टाच्या आदेशाशिवाय घरातल्या वस्तूला कुणी हात लावू शकत नाही. कोर्टाचा आदेश आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जदाराचे व त्याच्या बायकामुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. हप्त्यावर घेतलेला बेड मात्र त्या कंपनीकडे तारण लिहिलेला असू शकतो. म्हणून पलंग रोखीने करा, आणि फॅब्रिकेटरकडून साधी का होईना, यजमानांच्या नावाची पावती घ्या.